शब्दचर्चा: थडगं, समाधी, वीरगळ

भटकभवानी
मावळात हिंडताना एखादी जुनी दफनभूमी दिसली की आम्ही दोघी-तिघी थांबतोच. परवा वहीत नोंद करताना अडले. कबरीच्या डोक्याशी नाव-सन कोरलेला जो उभा दगड असतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'थडगं' लिहावं तर चौथरा, माती, दगड सगळंच त्यात येतं. मैत्रिणीने 'शीर्षशिळा' सुचवलं. लिहिलं, आणि मलाच हसू आलं.

पेठकरी
शीर्षशिळा नको, परिपत्रकाचा वास येतो त्याला. 'कबरीचा दगड' म्हणा, भागतं. माझे आजोबा फरक करायचे: खालचा खड्डा आणि माती ती कबर, वरचं बांधकाम ते थडगं. आता कोण पाळतंय!

जुन्नरी
'वीरगळ' आहे की आयता शब्द. आमच्या मारुतीमागे चार उभ्या आहेत.

कानडीमाहेर
दादा, तो गळ मासे धरायचा नव्हे. कानडीत कल्लु म्हणजे दगड. वीरगल्लु, वीराचा दगड, त्याचं आपण वीरगळ केलं. म्हणजे 'वीरगळाचा दगड' म्हटलं की दगड दोनदा! आणि त्याखाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर; शेजारी गाई कोरल्या असतील तर गुरं सोडवताना मेला असं समजायचं. मधे अप्सरा त्याला वर नेतात, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात दिसला तर ती सतीशिळा. गधेगळही याच 'गळ'वाला, पण ते गाढवाचं थडगं नव्हे बरं का. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून कोरलेली शिवी आहे ती.

जुन्नरी
अरे देवा. आमच्याकडच्या एकीला शेंदूर फासलाय, म्हसोबा म्हणतात. दुसरीवर लहानपणी आम्ही कपडे धुतलेत. गाई होत्या तिच्यावर, साबणाने गुळगुळीत झाल्या.

मावळची लेक
ताई, वडगावला गेलात का? इष्टुर फाकड्याला भेटून या. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, इंग्रज अधिकारी, जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून येताना कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेने पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता असं सांगतात. स्टुअर्टचं इष्टुर झालं, जसं स्टेशनचं इस्टेशन. 'फाकडा' मात्र शत्रूने दिलेली पदवी: शूर, बेडर, वर थोडा रुबाबही. मराठा सरदार मानाजी शिंद्यांनाही फाकडेच म्हणत. गंमत पुढे आहे. आमच्याकडे कुणी 'इष्टुरचं थडगं' म्हणत नाही, 'इष्टुर फाकड्याची समाधी' म्हणतात. नवससुद्धा बोलतात.

पेठकरी
हे खरं सापडलं. समाधी बहुधा संताची, नाहीतर गोसाव्याची. शिंदे-होळकरांसारखे सरदार असतील तर छत्री. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला वारले, तिथे शिंदे छत्रीच. थडगं म्हणतो ते परक्याचं. आणि चालून आलेल्या गोऱ्याला समाधी! फाकडा आणि फक्कड यांची गल्लत मात्र करू नका. फक्कड चहा असतो.

जुन्नरी
आणि फाकडं इंग्रजी, ते कुठलं? तेही इष्टुरचंच का?

पेठकरी
तुमच्या मुलाचं. 😄

भटकभवानी
वहीत खोडून लिहिलं: 'कबरीचा दगड, अक्षरं पुसट.' वडगावच्या पानावर 'समाधी'. आता एकच सांगा, तो वीरगळ की ती वीरगळ? कानडीमाहेरताई 'तो' म्हणाल्या, जुन्नरीदादा 'ती'.

जुन्नरी
ती. जिच्यावर कपडे धुतले ती.

कानडीमाहेर
वीर आहे हो त्याच्यावर!