एचपीव्ही, घशाचा कॅन्सर आणि मुलग्यांची लस

निशिगंधा: काल इथेच कुणीतरी लिहिलं, 'एचपीव्ही बायकांचा आजार, मुलग्यांना लस म्हणजे कंपन्यांचा धंदा.' रात्रभर डोक्यात राहिलं. एचपीव्ही हा विषाणू, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतो तसा घशाचाही. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरपैकी अमेरिकेत सुमारे ७० टक्के एचपीव्हीचे, आणि त्यात पुरुषच जास्त. गर्भाशयमुखासाठी पॅप तपासणी आहे, घशासाठी तसं काहीच नाही. माझ्या दिरांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. तरी हाच कॅन्सर झाला. मानेला गाठ आली, तर महिनोन् महिने अँटिबायोटिक्स!

सोलापुरी: अमेरिकेचे आकडे इथे लावू नका. आपल्याकडे गालात, हिरडीला होतो तो तंबाखूने. २०१२ला गुटखाबंदी झाली, आमच्या स्टँडसमोर आजही पुड्या मिळतात. मावसभावाचं तोंड दोन बोटं उघडेना, शेवटी जबडा काढला. आधी ते थांबवा.

भाऊसाहेब: आणि मावा? टपरीवर समोर घोटून देतात. धाड पडते टपरीवाल्यावर, टेम्पो भरून आणणारा मोकळाच.

सोलापुरी: टपरीवाल्याची बाजू घेऊ नका! शाळेच्या कोपऱ्यावर पोरांना विकतो तो.

भाऊसाहेब: बाजू कुठे घेतली? नीट वाचा आधी.

रोखठोक: मूळ मुद्दा राहिला. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो ना? मग संयम शिकवा, लस कशाला? आणि २०१०ला आंध्र-गुजरातेत याच लसीच्या चाचणीत, लसीने मुली गेल्या, ते विसरलात?

निशिगंधा: 'कुठून आला' हेच नातेवाइकांनी जावेला विचारलं. नवरा रेडिएशन घेत होता तेव्हा! संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, बहुतेकांचा आपोआप जातो. आंध्र-गुजरातेत सात मुली गेल्या. चौकशीत लसीशी संबंध आढळला नाही. एक बुडून गेली, एक साप चावून. पण संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या, तो राग मलाही आहे. ऑस्ट्रेलियात मुलग्यांना २०१३पासून लस देतात, ब्रिटनमध्ये २०१९पासून. ते वेडे आहेत का? सोलापुरी, गालाचा कॅन्सर तंबाखूचा, मान्य. टॉन्सिलचा वेगळा धरा एवढंच म्हणतेय.

रोखठोक: सह्यांचं मान्य केलंत, बरं झालं. बाकी मला पटलेलं नाही.

सोलापुरी: वेगळा धरला. पोरगा अकरा वर्षांचा आहे, डॉक्टरांना विचारतो. पण भाऊसाहेब, टेम्पो कुठून येतात ते माहीत असेल तर इथे लिहा.