दिवसाच्या रहाटगाडग्यात प्रार्थनेची घडी कशी बसवता?

तीनसांज
काल संध्याकाळी सहाला देवळाची (आमच्या चर्चची) घंटा झाली. तीन-तीन ठोके तीनदा, मग सलग. घरोघरी माणसं जागच्या जागी उभी राहायची ते दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय.

रोज प्रार्थना करावी हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. कधी करता, किती मिनिटं, हातात काय असतं, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळे या.

माझी भर आंजेलुसची, म्हणजे घंटेवर दिवसातून तीनदा म्हणायच्या प्रार्थनेची. सकाळी 6, दुपारी 12, संध्याकाळी 6. तीन छोटी वचनं, प्रत्येकामागे एक नमो मरिया (मरियेला वंदनाची छोटी प्रार्थना), शेवटी समारोपाची प्रार्थना. पाठ असेल तर दोन-अडीच मिनिटं. ईस्टर ते पेंटेकॉस्ट (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीचा सण) तिच्या जागी 'स्वर्गाच्या राणी' म्हणायची असते, ते बहुतेक जण विसरतात. घंटा ऐकू येत नसेल तर मोबाइलवर लावा, पण सूर उठायच्या गजराहून वेगळा ठेवा. नाहीतर बोट सवयीने गजर बंद करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तिन्हींत दुपारचं आधी गळतं. तेव्हा 12चा हट्ट सोडा आणि डबा उघडायच्या आधी म्हणा. घड्याळ चुकतं, भूक चुकत नाही.

विरार_स्लो
रोझरीवाल्यांसाठी, म्हणजे माळेवर प्रार्थना म्हणणाऱ्यांसाठी. वसई रोडला चढा, बोरिवलीला उतरा. मध्ये नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर. म्हणजे टप्पे पाच आणि दशकंही (दहा-दहा नमो मरियांचे गट) पाच! एका टप्प्यात एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. एका दशकाला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. नायगाव-भाईंदरमध्ये खाडी येते, तो टप्पा लांब, तिथे वेळ उरतो. उरलेल्या वेळात कोणासाठी म्हणायची त्यांची नावं घ्या.

गर्दीत 59 मण्यांची माळ काढू नका, कोणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकते. दहा गाठींची अंगठी मिळते ती घ्या, किंवा दहा बोटं आहेतच. एका हाताने दांडी धरलेली असेल तर दुसऱ्या हाताची पेरं मोजायची.

रहस्यांचे वार: सोम-शनि आनंदाची, मंगळ-शुक्र दुःखाची, बुध-रवि गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची.

पेजेचो_वाडगो
गुरुवारचं लक्षात ठेवा, प्रकाशाची रहस्यं 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. त्याआधीच्या पुस्तकांत ती नाहीत आणि वारही वेगळे आहेत. घरात आजीचं पुस्तक आणि नातीचं पुस्तक असेल तर गुरुवारी भांडण ठरलेलं 😄

गोव्यात तेर्स (घरची रोझरी) रात्री जेवणाआधी. जेवणानंतर ठेवली तर तिसऱ्या रहस्याला अर्धं घर पेंगतं.

नगरी_बाणा
आम्ही माळवाले नाही, आम्ही पुस्तकवाले. तेव्हा हिशेब घ्या.

बायबलचे अध्याय 1189 (प्रोटेस्टंट 66 पुस्तकांचं). आठवड्याचे सहा दिवस रोज 3 आणि रविवारी 5 म्हणजे आठवड्याला 23. 52 आठवड्यांत 1196. वर्षात पूर्ण होऊन सात अध्यायांची मोकळीक उरते. हा जुना हिशेब आहे, चुकीचा नाही, पण तो बसतो कुठे ते बघा: पहिली दोन पुस्तकं, उत्पत्ती 50 अध्याय, निर्गम 40. एक जानेवारीला सुरू केलं तर 28 तारखेच्या आसपास तिसरं पुस्तक, लेवीय, उघडतं. होमार्पणं, चरबी, गुरदे, कोड. निम्मे लोक तिथेच बसतात. आळस नसतो हो, एकट्याने सरळ रेषेत वाचायला ते पुस्तक जडच आहे.

यावर तीन उतारे:
पहिला, दोन खुणा ठेवा, एक जुन्या करारात, एक नव्यात. लेवीय चालू असतानाही हातात लूकचं शुभवर्तमान असतं.
दुसरा, महिन्याचे 25च दिवस धरा. रोज 4 अध्याय, वर्षाचे 300 दिवस, 1200. पाहुणे, ताप, लग्नं यांचे पाच दिवस आधीच वजा.
तिसरा, नवीन माणसाने एवढं घेऊच नये. नव्या कराराचे अध्याय 260. सोमवार ते शुक्रवार रोज एक, 52 आठवडे, बरोबर 260. कुठल्याही सोमवारी सुरू करा, जानेवारीची वाट बघायचं कारण नाही.

आणि राहिलेले अध्याय दुसऱ्या दिवशी दुपटीने वाचून भरून काढू नका. दुप्पट, मग तिप्पट, मग पुस्तक कपाटात. चुकला तो दिवस चुकला, आजच्या खुणेवर या.

रानजाई
नगरीदादा, गुरदे वाचून हसले 😂 भाकरी तव्यावर आहे, नंतर सविस्तर लिहिते.

पांढरा_कोट
फिरत्या पाळ्या असणाऱ्यांनी काय करायचं? वॉर्डात सकाळ-संध्याकाळ असं काही नसतंच. आठवडाभर रात्रपाळी, मग एकदम सकाळची.

तीनसांज
@पांढरा_कोट, घड्याळ सोडून द्या ताई. 'उठल्यावर' आणि 'झोपण्याआधी' हे दोन तर कुठल्याही पाळीत असतात. सकाळी आठला घरी येऊन झोपणार असाल तर तीच तुमची रात्र, तेव्हा बायबलमधली रात्रीची स्तोत्रं म्हणा: 4, 91, 134. मठांत झोपण्याआधीच्या प्रार्थनेला शतकानुशतकं हीच तीन आहेत. 134 तर तीनच ओव्यांचं (म्हणजे वचनांचं), आणि त्यात परमेश्वराच्या घरात रात्री उभे राहणारे सेवक आहेत. रात्रपाळीवाल्यांचं स्तोत्रच म्हणा ना!

नगरी_बाणा
ड्युटीवर असताना हात धुताना 'आमच्या स्वर्गातील पित्या'. साबण लावून नीट हात धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात होते, आणि हात तर तुम्ही दिवसात पन्नासदा धुता. पन्नासदा म्हणू नका, पाळीत तीनदा पुरे. दिदाखे नावाचा अगदी आरंभीच्या मंडळीचा जुना लेख आहे, त्यातही हीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय.

पांढरा_कोट
हात धुण्याचं जमेल 🙏

कडू_कारलं
त्याच दिदाखेत बुधवार-शुक्रवार उपास करा असंही आहे, ते कोणी सांगत नाही. सोयीचं तेवढं उचलायचं.

विरार_स्लो
आला, उपासवाला आला. साबुदाणा खिचडीची पाककृती कोण देतंय?

कडू_कारलं
साबुदाणा, शेंगदाणे, वर बटाटा, हा उपास नाही, मेजवानी आहे. आता नियम सांगतो. कॅथलिकांत उपासाचे सक्तीचे दिवस दोनच, भस्म बुधवार (चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडंसं. ती दोन मिळूनही एका जेवणाएवढी भरता कामा नयेत. वय 18 पूर्ण ते 59 पूर्ण. मांस वर्ज्य मात्र 14 वर्षांपासून. आजारी, गरोदर, मधुमेहाचं इन्सुलिन घेणारे यांनी फुशारकी मारू नये. त्यांनी मोबाइल सोडावा, साखर सोडावी, गोळी सोडू नये.

मोजणीचाही घोळ असतो. भस्म बुधवार ते पवित्र शनिवार (ईस्टरच्या आदला दिवस) 46 दिवस होतात, मग चाळीस कसे? सहा रविवार उपासात धरत नाहीत.

आणि बचत झाली ती दान झाली पाहिजे. एका जेवणाचे पैसे त्याच दिवशी डब्यात टाका. महिनाअखेरीस टाकू म्हटलं की डबा रिकामाच.

वसईची_केळी
मासे चालतात हो, नियमात मांस वर्ज्य आहे, मासळी नाही. त्यामुळे उपवासकाळातल्या शुक्रवारी सरंगा आणि मटणाहून महाग बिल. कारलेकाका म्हणतात ते खरं, सोडलं काय आणि खाल्लं काय!

कडू_कारलं
जवळा खा. स्वस्त आहे.

पेजेचो_वाडगो
जवळ्याची चटणी असली तर तो उपास राहत नाही, भाकऱ्या मोजाव्या लागतात.

रानजाई
भाकऱ्या झाल्या. घरच्या प्रार्थनेबद्दल लिहिते, मुलं असलेल्या घरांसाठी.

सात मिनिटं. दहा नाहीत. लहानांचा दम तेवढाच. एक कडवं गाणं (पूर्ण गीत नको), सहा ओव्या शुभवर्तमान, प्रत्येकाने 'देवा, आज या गोष्टीसाठी थँक्यू' असं एकच वाक्य, मग प्रभूची प्रार्थना, संपलं. मार्कपासून सुरू करा, चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान, आणि त्यात सतत काहीतरी घडत असतं. रोज सहा ओव्या म्हणजे पावणेचार महिन्यांत मार्क संपतो.

फसतं कुठे? बाबांची प्रार्थना लांबली की. शेजारी, मंडळी, देश, पंतप्रधान सगळे येतात आणि धाकटी टेबलाखाली जाते. लांब प्रार्थना मोठ्यांनी आपली आपण नंतर करावी. दुसरं, प्रार्थनेत मुलांना टोमणे: 'देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे.' पोरं डोळे उघडून बघतात, परत मनापासून बसत नाहीत.

वाचायची पाळी वाराने लावा, भांडण होत नाही. नुकतं वाचायला शिकलेल्याला एकच ओवी द्या, आणि चुकला तर दुरुस्त करू नका.

नगरी_बाणा
गाण्यासाठी टिळकांचं काहीही घ्या. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, साकी, दिंडी या आपल्याच चालींत लिहिलं, पेटी नसली तरी टाळीवर म्हणता येतं. आठवड्याला एकच गीत ठेवा. रविवारपर्यंत पाठ होतं, मग वीज गेली तरी अडत नाही.

विरार_स्लो
वीज गेली की प्रार्थना जास्त चांगली होते. टीव्ही बंद असतो.

शांतकुटी
वाचनाचं प्रमाण वाढवायचं नसेल आणि खोल जायचं असेल, तर दिव्य वाचन. चार पायऱ्या, बाराव्या शतकातल्या दुसरा ग्वीगो नावाच्या संन्याशाने मांडलेल्या: वाचन, मनन, प्रार्थना, मौन. 20 मिनिटं पुरतात.

सात-आठ ओव्या, जास्त नाही. सुरुवातीला मार्क 10:46-52, आंधळा बार्तिमय. एकदा मोठ्याने, एकदा हळू. जिथे मन अडकतं तो शब्द धरा. 'त्याने आपला झगा टाकला' एवढ्यावरही अडकू शकतं. तो शब्द घोळवत बसा. मग त्यावरून जे म्हणावंसं वाटेल ते देवाला म्हणा. शेवटची पाच मिनिटं काहीच नाही.

नवशिके दोन ठिकाणी चुकतात. एक, मध्येच टीकाग्रंथ उघडतात, झगा म्हणजे कसला, यरीहो कुठे. अभ्यास चांगलाच, पण तो दुसऱ्या वेळी. दोन, पौलाची पत्रं घेतात. त्याचं एक वाक्य कधी कधी सात ओव्या चालतं, अडकायला जागाच नाही. आधी दाखले आणि चमत्कार, मग स्तोत्रं, पत्रं त्यानंतर.

मोबाइलवर करू नका. करायचंच तर फ्लाइट मोड.

वसईची_केळी
ओवी म्हणायचं की वचन? आमच्याकडे दोन्ही चालतं, पण चर्चमध्ये वाचताना अडखळायला होतं.

नगरी_बाणा
काहीही म्हणा. आकडा नीट वाचा म्हणजे झालं.

वसईची_केळी
आकड्यावरून आठवलं, स्तोत्रांचे आकडे जुळत का नाहीत? जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकात 'परमेश्वर माझा मेंढपाळ' 22वं आहे, बायबलमध्ये 23वं.

शांतकुटी
जुनी कॅथलिक पुस्तकं लॅटिन बायबलचे आकडे घ्यायची. त्यात 9 आणि 10 एकच स्तोत्र धरलंय, म्हणून पुढचे एकाने मागे, थेट 147पर्यंत. शेवटची तीन पुन्हा जुळतात. नव्या पुस्तकांत बहुधा हिब्रू आकडा असतो. शंका आली की पहिली ओळ बघा.

तीनसांज
स्तोत्रांवरून एक युक्ती. महिन्यात सगळी 150 करायची असतील तर आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. आज 7 असेल तर 7, 37, 67, 97, 127. वहीत काही लिहावं लागत नाही, दिवस चुकला तरी हिशेब बिघडत नाही. फक्त 29 तारखेला 119वं येतं, 176 ओव्यांचं! ते 31 तारखेसाठी राखून ठेवा. 30 दिवसांच्या महिन्यात त्याचे आठ-आठ ओव्यांचे 22 भाग आहेतच, जमतील तेवढे. उरलेल्यांवर कोणी दंड लावत नाही.

नीतिसूत्रंही तारखेने होतात, अध्याय 31च आहेत.

पांढरा_कोट
29ला पगार होत नाही आणि 119वंही येतं, कठीण दिवस आहे 😅

पेजेचो_वाडगो
रात्रीचं आत्मपरीक्षण कोणी लिहिलं नाही अजून. जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांचे पाच टप्पे: आभार, प्रकाश मागणं, दिवस उलगडणं, क्षमा, उद्याचा दिवस. 10 मिनिटं. बिछान्यात आडवं होऊन करू नका, दुसऱ्या टप्प्यालाच घोरणं सुरू. खुर्चीत बसा. दिवस उलगडताना सकाळपासून तासातासाने या: उठलो, पाणी भरलं, बस चुकली, साहेब बोलले. चुकांची यादी करायला बसलं की चार दिवसांत माणूस कंटाळतो, म्हणून आभार आधी ठेवलेत. क्रम बदलू नका.

कडू_कारलं
प्रार्थनेच्या वहीबद्दल. नावं वारांवर वाटा. सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी, असं. एका दिवसाला सात-आठ. सगळी रोज घ्यायला गेलात तर महिन्याभरात साठ होतात आणि प्रार्थना संपून शाळेची हजेरी सुरू होते. नावापुढे तारीख लिहा, उजवीकडे कोरी जागा सोडा. महिन्याच्या शेवटी वही चाळा, कोणाचं ऑपरेशन होऊन गेलं, कोणाला नोकरी लागली. गेलेल्याचं नाव बरा व्हावा म्हणून वाचत बसलो तर चांगलं दिसत नाही.

रानजाई
काका, तुम्ही दिसता तितके कडू नाही 🙂

कडू_कारलं
मीठ लावून ठेवलंय.

विरार_स्लो
रविवारचं कोणीतरी लिहा ना. शनिवारी रात्री भाजी चिरून ठेवली तर रविवारी मिस्सेआधी (चर्चमधल्या उपासनेआधी) धावपळ होत नाही, एवढं ठाऊक आहे. पण कम्युनियनआधी (मिस्सेतली पवित्र भाकर घेण्याआधी) एक तास खायचं नाही, त्यात चहा येतो का?

तीनसांज
येतो. पाणी आणि औषध चालतं, चहा नाही. तास कम्युनियनच्या क्षणापासून उलटा मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. सातची मिस्सा असेल तर पावणेसातला घोट नको, सव्वासहाला चालून जाईल.

विरार_स्लो
बरं झालं विचारलं. मीरा रोड आलं, उरलेलं दहिसरनंतर.