डोळा काढणं हा शेवटचा उपाय

"तोंडावर जन्मापासून लाल डाग, म्हणजे आज ना उद्या डोळा काढावाच लागतो" असं कुणीतरी म्हणालं, ते पटलं नाही. स्टर्ज-वेबर या जन्मजात आजारात असा डाग असतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो; त्यावर आधी थेंब, शस्त्रक्रिया होतात. नजर पूर्ण गेली आणि ठणका थांबेचना, तरच डोळा काढायचा विचार करतात.

तासगावच्या माझ्या भाच्यावर ती वेळ आली. मिरजेत शस्त्रक्रिया झाली. डोळा काढला, पण तो हलवणारे स्नायू राखून आत डोळ्याच्या जागी कृत्रिम गोळा बसवला, काही आठवड्यांनी त्यावर बाहेरून दिसणारा मापाचा कृत्रिम डोळा. रात्र रात्र कळवळणारं पोर निवांत झोपायला लागलं! बहिणीला मात्र "ग्रहण पाळलं नाहीस" असं किती जणांनी ऐकवलं. या आजारामागचा जीएनएक्यू जनुकातला बदल २०१३ साली सापडलाय; तो गर्भ राहिल्यानंतर होतो, आईबापांकडून येत नाही.