पावसाळी जॅकेटची डोंगरात चाचणी: घाम की गळती, कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात माझं छोटं शिलाई युनिट आहे. पाच मशिनी, चार ताया आणि मी. दहा वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या नावाने सॅक, रेनकव्हर आणि पाँचो शिवून दिले. गेल्या दिवाळीपासून स्वतःचं ट्रेकिंगचं जॅकेट करायला घेतलंय. दोन दुकानदार पुढच्या मेमध्ये माल ठेवायला तयार आहेत. म्हणजे तपासून बघायला हा एकच पावसाळा हातात आहे, आणि त्यातला जुलै संपत आला.

कापड तीन थरांचं आहे: बाहेर नायलॉन, मध्ये पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) पातळ पडदा, आत बारीक जाळी. शिवणींवर आतून गरम टेप मारून घेतलीय. कापड देणाऱ्याच्या कागदावर १०,००० मिमी लिहिलंय, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब सोसेल असं.

जूनमध्ये ओळखीच्या १२ ट्रेकर्सना एकेक जॅकेट दिलं. सात जण म्हणाले, "एकदम मस्त". दोघांचं म्हणणं, आतून ओलं झालो. एकाची काखेत गळतं अशी तक्रार आहे. दोघांनी अजून काहीच कळवलेलं नाही. काखेत गळणारं जॅकेट परत मागवलं, उलटं केलं, बाहीत पाणी भरून अर्धा तास टांगून ठेवलं. थेंबही आला नाही.

मग गेल्या रविवारी मी स्वतः ते घालून कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला चढले. पाऊण तासात पाठ चिंब. घाम होता, मानेतून उतरलेलं पाणी होतं, की हात वर केल्यावर टेपखालून आत येत होतं? तीस वर्षं डोंगरात फिरतेय, तरी मला स्वतःला सांगता येईना. तिथेच धास्तावले. मलाच कळत नसेल तर दुकानातून घेणाऱ्याला मी काय सांगणार?

तर घाम आणि गळती डोंगरात वेगळी कशी काढायची? आणि "मस्त आहे" याच्या पलीकडचं काही लोकांकडून कसं काढून घ्यायचं? पुढचे दोन महिने कशावर खर्चावेत तेही सांगा. ज्यांनी कुठल्याही कंपनीसाठी सॅक, बूट, तंबू असं काही बाजारात येण्याआधी वापरून दिलं असेल, त्यांनी जरूर लिहा.

घाटवाट:
ताई, उत्तर तुमच्या राजमाचीतच आहे. कोंढाण्याकडून खडी चढण, तिथे घाम येणारच. लोणावळ्याकडून जाणारी वाट लांब, पण बरीचशी सपाट. एकाच आठवड्यात, साधारण सारख्या पावसात, त्याच माणसाला तेच जॅकेट घालून दोन्ही वाटांनी पाठवा. सपाट वाटेवरही काख भिजली तर जॅकेट गळतंय. फक्त चढणीवर भिजली तर घाम समजा.

याहून सोपं म्हणजे एक तास पावसात नुसतं उभं राहायचं, हात वर-खाली करत. मग कोरड्या दिवशी तेच जॅकेट घालून पर्वती दोनदा चढायची. पहिल्यात फक्त पाऊस, दुसऱ्यात फक्त घाम.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ज्यांना जॅकेट द्याल त्यांच्या सॅकमध्ये त्यांचा नेहमीचा चांगला रेनकोट आणि एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत असलाच पाहिजे. गडमाथ्यावर वारा असताना भिजलेला माणूस ऑगस्टमध्येसुद्धा कुडकुडून गळाठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि चाचणीसाठी कुणाला नाळेत (कड्यामधल्या अरुंद, खड्या घळीत) किंवा कातळटप्प्यावर पाठवू नका. पाऊस तोच असतो, राजमाचीला, लोहगडालाही.

ताणाबाणा:
माझी सगळी नोकरी कापड तपासण्यात झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

१०,००० मिमी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. नुसत्या पावसाच्या थेंबाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे नवं कापड सहसा गळत नाही. गळते ती शिवण, चेन, गळा, आणि सॅकच्या पट्ट्याखाली घासून गेलेला भाग. तुम्ही बाहीत पाणी भरलंत तेव्हा शिवणीवर ताण नव्हता. काखेत चार शिवणी एकत्र येतात, टेपवर टेप चढते, आणि हात वर केला की तिथेच ओढ बसते. बाही पुन्हा भरा, पण या वेळी कुणाला तरी काखेचा जोड दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगा.

आता घामाचं. असा पडदा वाफ बाहेर टाकतो तो आतल्या आणि बाहेरच्या बाष्पातल्या फरकावर. हिमालयात बाहेरची हवा थंड आणि कोरडी, फरक मोठा, त्यामुळे काम होतं. आपल्याकडे ऑगस्टात ढगातून चालताना बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. त्यात बाहेरचं कापड पाणी पिऊन बसलं की उरलीसुरली वाफही अडकते. म्हणजे कागदावर वाफ बाहेर टाकण्याचा आकडा असला तर तो खोटा नसेलही, पण तो आपल्या हवेतला नाही. माझं स्पष्ट मत: सह्याद्रीसाठी कापडावर आणखी पैसे घालू नका, काखेखाली लांब चेन द्या, पाठ थोडी सैल ठेवा.

ओळखण्याची जुनी युक्ती सांगतो. आत पांढरं सुती बनियन घालायचं, त्यावर शाईपेनने शिवणींच्या जागी ठिपके काढायचे. पाणी शिवणीतून आलं तर त्या रेषेवरचे ठिपके आधी पसरतात. घामाने छाती-पाठीवरचे सगळे एकदम पसरतात. दर अर्ध्या तासाने झाडाखाली थांबून फोटो काढायचा. शिवाय निघताना आणि पोचल्यावर बनियनचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. "थोडं ओलं" याला अर्थ नाही, "१८० ग्रॅम वाढलं" याला आहे.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते जुनं होण्याकडे. १२ पैकी चार जॅकेटं बाजूला काढा, दहा-दहा वेळा धुवा आणि मग डोंगरात न्या. धुताना कंडिशनर नको, साबण पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर थेंब घरंगळून जाणं बंद होतं. आणखी एक जॅकेट मुद्दाम ओलसर घडी घालून पिशवीत ठेवा आणि दिवाळीनंतर उघडा. पीयू दमटपणात हळूहळू कुजतो, चिकट होतो, पापुद्रे सुटतात. आपल्याकडचे लोक सप्टेंबरात जॅकेट कपाटात टाकतात ते जूनमध्येच काढतात, त्यामुळे ही तक्रार तुमच्याकडे दुसऱ्या वर्षी येईल.

घाटकोपरची बीटीआरए किंवा वरळीची सस्मीरा या मुंबईतल्या कापड-संशोधन संस्थांत पाण्याच्या दाबाची चाचणी करून मिळते. नव्या कापडाचा एक तुकडा आणि दहा धुण्यांनंतरचा एक, असे दोन्ही द्या.

अवांतर: १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेआधी, डिसेंबर १९५२ मध्ये, ब्रिटिशांनी आपले कपडे, बूट, तंबू आल्प्समध्ये युंगफ्राऊयोखला नेऊन वापरून पाहिले होते. जशी हवा गाठायची तशीच हवा त्यांनी शोधली. आपली तर घराबाहेरच आहे.

रानजाई:
मी एका सॅकसाठी असं काम केलंय. "कशी वाटली?" असं विचारलं की ओळखीचा माणूस छानच म्हणणार, तुमचे कष्ट त्याने पाहिलेत ना. त्यापेक्षा विचारा: चेन ओल्या हाताने एका झटक्यात उघडली का? टोपी घालून मान वळवली तेव्हा समोर काय दिसलं, वाट की टोपीची कड? जॅकेट किती वेळा काढावंसं वाटलं? शेवटचा प्रश्न सोडू नका. माणूस तोंडाने मस्त म्हणतो, पण चढणीवर जॅकेट काढून सॅकला बांधतो.

फॉर्म कुणी भरत नाही. उतरल्यावर चहाला बसतात तेव्हाच व्हॉट्सॅपवर दोन मिनिटं बोलून पाठवायला सांगा. घरी पोचल्यावर विसरतात.

आणि ताई, १२ जणांत बायका किती? माझ्या मापाचं म्हणून जे मिळतं ते पुरुषांचंच लहान केलेलं असतं. कमरेत अडकतं, बाह्या लोंबतात, आणि लोंबत्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत जातं.

धागाकर्ती:
घाटवाट, ताणाबाणा, रानजाई, मनापासून आभार. रानजाई, १२ मध्ये बायका दोनच आहेत, माझं चुकलंच. उद्यापासून कमरेत वेगळ्या बेताची तीन जॅकेटं कापायला घेते.

ताणाबाणा काका, आत्ताच आम्ही दोघींनी जोड ताणून धरून बाही भरली. सातव्या मिनिटाला टेपच्या टोकाशी, जिथे चार शिवणी भेटतात तिथे, बारीक थेंब धरला. ज्यांनी काखेत गळतं असं कळवलं होतं त्यांना लगेच फोन केला. मी त्यांना घाम असेल म्हणून समजावलं होतं, त्याची माफी मागितली.

काखेत जोड चौकोनी तुकडा घालून मोडावा की टेपवर गोल ठिगळ मारावं, याबद्दल कुणाचा हातचा अनुभव आहे का? चौकोनी तुकड्याने हातही मोकळा होईल असं वाटतंय, पण मग काखेखालची चेन कुठून काढायची ते सुचत नाहीये. कागदावर काढलेला बेत रात्री इथे टाकते.