नागलीचे लाडू: आधी पीठ बदलून पाहा

नागलीचे (म्हणजे नाचणीचे) लाडू कोरडे लागतात म्हणून मुलं तोंडाला लावत नाहीत, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, अडचण नागलीची नाही, पिठाची आहे. नाशिकच्या बाजारात पेठ-सुरगाण्याकडची नागली मिळते, ती अख्खी घ्या. रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, हलकी भाजून दळून आणा. हे पीठ गोडसर होतं आणि पचायलाही हलकं.

दोन वाट्या पिठाला अर्धी वाटी तूप. मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं, इथे घाई अजिबात नको. गॅस बंद करून पीठ कोमट झालं की पाऊण वाटी किसलेला गूळ, दाण्याचं जाडसर कूट आणि बेदाणे (ते तर आपल्या नाशिककडचेच!).

100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांना ते हवंच. गूळ मात्र शेवटी साखरच, दिवसाला एक लाडू पुरे. तिखट खाणाऱ्यांसाठी त्याच पिठात ताक, कांदा, कोथिंबीर घालून धिरडी करा.