हलकी क्रँक पुली टाकू का? (सिटी २०१०, १.५ पेट्रोल)

खान्देशी_गिअर
नमस्कार मंडळी, माझी २०१० ची होंडा सिटी आहे, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल, १ लाख १२ हजार झालेत. गाडी छान पळते पण हल्ली आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) जरा थरथर जाणवते. ऑनलाइन अ‍ॅल्युमिनियमची हलकी क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरची, बेल्ट फिरवणारी चकती) बघितली, वजन ओरिजिनलच्या अर्ध्याहून कमी आणि म्हणे ५ ते ८ एचपी वाढतात. एक ओरिजिनलच्याच मापाची आहे, एक थोडी लहान. रोज जळगाव-भुसावळ करतो आणि मे महिन्यात आमच्याकडे एसीशिवाय गाडीत बसवत नाही. कोणी टाकली असेल तर खरं खरं सांगा, टाकू का?

पाना_बारा_तेरा
भाऊ, पैसे भरायच्या आधी पुलीच्या बाजूचं पुढचं चाक काढ, आतलं प्लास्टिक काढ आणि टॉर्च मारून बघ. मधला हब आणि बाहेरची कडी यांच्यात काळं रबर दिसलं तर ती नुसती पुली नाही, डँपर आहे. प्रत्येक स्फोटाला क्रँक थोडी पिळते आणि सुटते, चार सिलिंडरला ६००० आरपीएमवर सेकंदाला असे २०० झटके बसतात, आणि एखाद्या आरपीएमला हे झटके क्रँकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की पीळ वाढतच जातो. ती जड कडी रबरावर मागेपुढे हलून तो पीळ खाते, म्हणजे तिथलं वजन मुद्दाम ठेवलेलं आहे. एकसंध अ‍ॅल्युमिनियमच्या पुलीत हे काहीच नसतं, मग मार जातो चेन, ऑइल पंप आणि बेअरिंगवर. सरळ सहा सिलिंडरची क्रँक लांब असते, तिथे हे जास्त घातक. आपली आखूड, म्हणून बरेच जण निभावून नेतात, पण गाडी पहिल्या दिवशी बंद पडली नाही म्हणजे काही होत नाही असं नसतं रे.

आणि रबराला तडे आहेत का तेही बघ, थरथर तिथूनही येऊ शकते. हबपासून कडीपर्यंत खडूने एक सरळ रेघ मार, दोन-चार दिवस गाडी चालव, रेघ तुटलेली दिसली तर कडी सरकतेय.

घाटात_तिसरा
मी हिशोब करून बघितला. पुली १.३ किलोने हलकी झाली आणि ते वजन मध्यापासून सरासरी साडेपाच सेंमीवर धरलं, तर पहिल्या गिअरमधे (एकूण रेशो साधारण १५ धरला, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या १५) गाडी १० किलोने हलकी झाल्यासारखं वाटेल, आणि पाचव्यात जेमतेम अर्धा किलो. म्हणजे डिकीतलं सामान उतरवलं तरी तेवढंच. इंजिनची ताकद वाढत नाही, रेव्ह फक्त जरा पटकन चढतात. फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं चाक) कितीतरी जड आणि मोठं असतं, ते आहे तसंच राहतं ना.

सिग्नलवरचा_एसी
लहान पुली तर अजिबात नको. मी आधीच्या हॅचबॅकला टाकली होती, दुकानदार म्हणाला काही फरक पडणार नाही. क्रँकची पुली लहान झाली की बेल्टवरचं सगळं हळू फिरतं, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), वॉटर पंप, एसीचा कंप्रेसर. हायवेला मस्त वाटायचं, पण नागपूरच्या उन्हात सिग्नलला थांबलो की एसी कोमट व्हायचा आणि रात्री हेडलाइट, फॅन, वायपर एकदम चालू असले की बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायचा. आयडलला अल्टरनेटर आधीच कमी फिरतो, त्यात अजून कमी केल्यावर चार्जिंग कुठून होणार. तीन महिन्यांत जुनी परत लावली. तुझ्या सिटीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा भार वाचेल म्हणावं तर तो पंपच नाही.

खान्देशी_गिअर
मनापासून आभार सगळ्यांचे. रविवारी चाक काढलं, रबर आहे, आणि एका बाजूला नख आत जाईल एवढी भेग! खडूची रेघ आज बघितली तर बोटभर सरकलेली. हलकी पुली रद्द, ओरिजिनल डँपरची ऑर्डर दिली. पाना दादा, तो मधला बोल्ट घरी सुटेल का, की पुली धरायचं टूल लागेलच?

पाना_बारा_तेरा
टूल लागेलच. पाचवा गिअर टाकून ब्रेक दाबून सोडवायच्या भानगडीत पडू नको, आणि घट्ट करताना मॅन्युअलमधे दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या जोरालाच) कर, अंदाजाने नको. नवीन लावलीस की लगेच त्याच जागी रेघ मारून ठेव.