मदत हवी आहे : टँकरने ठोकलेली गाडी दुरुस्त होऊन आली. काम नीट झालंय हे कसं ओळखू? सही करू की नको?

मानपाड्याची_मी

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकरचं सुख वेगळं सांगायला नको. आमच्या सोसायटीत रोज सकाळी टँकर येतो आणि तो मागे घेताना क्लीनर "येऊ द्या, येऊ द्या" करत राहतो. तीन आठवड्यांपूर्वी तो एक "येऊ द्या" जास्त म्हणाला. माझी गाडी बिचारी पार्किंगमध्ये उभी होती. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा चेपला, त्यामागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा) आत गेला आणि बंपर कोपऱ्यात फाटला.

गाडी चार वर्षं पूर्ण झालेली हॅचबॅक, रंग ग्रे मेटॅलिक. इन्शुरन्स आहे, झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारा प्रकार, नाही (त्यावरून घरात बोलणी खाऊन झाली आहेत, इथे नकोत). कॅशलेस (इन्शुरन्स कंपनी थेट गॅरेजला पैसे देते) म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजला दिली. इन्शुरन्सचे सर्व्हेअर नुकसान बघून गेले. दरवाजा बदलायचा, बंपर बदलायचा, क्वार्टर पॅनेल रिपेअर, असं ठरलं. १९ दिवसांनी "मॅडम, गाडी रेडी" असा फोन आला. माझ्या वाट्याचे पैसे भरले, शनिवारी संध्याकाळी अंधार पडता पडता गाडी आणली. सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर (काम पसंत असल्याचा कागद) सही राहिली होती, ती आता सोमवारी मागतायत.

गॅरेजमध्ये गाडी आरशासारखी दिसत होती. घरी आणल्यावर एकेक दिसायला लागलं :

नवा दरवाजा लावताना पुढच्यासारखा 'धप्प' आवाज येत नाही, 'ठण्ण' वाजतो. दरवाजा आणि क्वार्टर पॅनेल यांच्यामधली फट वर रुंद, खाली अरुंद आहे. एटीएम कार्डं एकावर एक ठेवून पाहिलं, वर पाच सहज जातात, खाली तीनच. सावलीत रंग एकच वाटतो, पण उन्हात तिरकं पाहिलं की मागचा दरवाजा पुढच्यापेक्षा गडद. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या काठावर रंगाची एक पायरी आहे, नखाला लागते. आणि काल रात्री पाऊस झाला, तर सकाळी डिकीतला गालिचा एका कोपऱ्यात गार लागला. ओला म्हणावा इतकाही नाही.

बाबा म्हणतात सही करू नकोस. नवरा म्हणतो चार वर्षांच्या गाडीचं काय एवढं. यातलं खरंच वाईट काय आणि माझे मनाचे खेळ काय?

कळवा_ते_कळंबोली

क्लीनरची सही घ्या व्हाउचरवर.

विनोद सोडा, टँकरवाल्याकडून का नाही वसूल केलं? तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) गेला ना फुकट.

मानपाड्याची_मी

थर्ड पार्टीसाठी, म्हणजे टँकरच्या इन्शुरन्समधून घ्यायला, पोलीस तक्रार, मग ट्रायब्युनल. आणि सोसायटी रोज त्याच्याच टँकरचं पाणी पिते. कमिटीने हात जोडले.

तुर्भ्याचा_डेंटर

ताई, मी ३१ वर्षं टिंकर काम (चेपलेला पत्रा सरळ करणं) केलं, निम्मं तुर्भ्यात, निम्मं पावणे एमआयडीसीत. आता गुडघ्यांमुळे बंद आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यात एकच गोष्ट तातडीची आहे आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत. डिकीतलं पाणी. बाकी सगळं नंतर.

गिऱ्हाईक चकाकी बघतं. चकाकी बफिंगने अर्ध्या तासात येते. काम बघायचं ते कडेला, सांध्यात आणि रबराच्या खाली. पुढे सांगतो तसं करा.

गाडी धुवा, पूर्ण कोरडी करा. ओल्या अंगावर सगळे दोष लपतात. पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली उभी करा आणि क्वार्टर पॅनेलवर ट्यूबचं प्रतिबिंब पडतं ते बघत हळूहळू चाला. रेघ सरळ सरकली तर पत्रा नीट बसलाय. रेघ पाण्यातल्यासारखी हलली तर खाली लांबी (खळगे भरायचा लेप, बिलात पुट्टी लिहितात) घासताना उंचसखल राहिली आहे. मग तळहात पसरून, डोळे मिटून फिरवा. डोळ्याला नाही कळत ते हाताला कळतं.

डिकीचं रबर बोटाने ओढलं की निघतं, परत दाबून बसतं, घाबरू नका. त्याखाली दोन पत्रे जोडलेली कड दिसेल. कंपनीचे वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावरचे गोल, बसके खड्डे. डावी कड आणि उजवी कड ताडून बघा. डावीकडे खड्डे गायब असतील, किंवा गॅसच्या वेल्डिंगचे घासलेले उंचवटे असतील, तर पॅनेल कापून जोडलाय. कापणं हा गुन्हा नाही, पण बिलात 'रिपेअर' आणि प्रत्यक्षात कापाकापी असेल तर विचारायचं. वेल्डच्या आचेने पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो. आतून प्राइमर आणि मेण मारलं नाही तर आपल्या खाडीच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज बाहेर येतो.

पाण्यासाठी : स्टेपनीच्या खड्ड्यातलं सगळं बाहेर काढा. मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन डिकीत झोपा, दार लावून घ्या. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून वर वर जायचं. आधी बंपरची कड, मग टेललाइट, मग काच. वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

'ठण्ण' आवाज आणि फट या सेटिंगच्या गोष्टी. नवा दरवाजा बिजागरीवर आणि लॉकच्या स्ट्रायकरवर (लॉक ज्यात अडकतं ती कडी) जुळवावा लागतो, घाईत राहतं. तासाभराचं काम आहे, फुकट करून घ्या. पण आतल्या ॲल्युमिनियमच्या चिकट पट्ट्या आणि प्लॅस्टिकचा कागद परत लावलाय का तेही विचारा, तो नसला तरी आवाज पोकळ येतो.

क्लेमवाली_काकू

मी इन्शुरन्समध्ये नोकरी केली आहे, म्हणून दोन शब्द. तुमचे मिस्टर चुकतायत, बाबा बरोबर आहेत. व्हाउचरवर "काम समाधानकारक" अशी सही झाली की गॅरेजला त्याचे पैसे मिळतात आणि तुमच्या हातातली दोरी जाते. कोरी सही नको. सही करावीच लागली तर त्यावर हाताने "खालील कामे बाकी" असं लिहून त्याचा फोटो ईमेलने इन्शुरन्स कंपनी आणि सर्व्हेअर दोघांना पाठवा, आणि पुन्हा पाहणी मागा. व्हॉट्सॲप नको, ईमेल.

अंतिम बिल आणि सर्व्हेअरचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. तुमच्या खिशातून किती जायला हवं होतं तेही कळेल. झीरो डेप नसताना प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के कापतात, म्हणजे बंपर निम्मा तुमचा. पत्र्याच्या भागावर वयाप्रमाणे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगाच्या नुसत्या मालावर ५० टक्के, मजुरीवर नाही. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये. याच्या बाहेर 'कन्झ्युमेबल', 'मटेरिअल' म्हणून काही घेतलं असेल तर हिशेब मागा.

आणि दरवाजा खरंच नवा आहे का ते बघितलंत? बिलात नवा आणि गाडीवर जुनाच ठोकून, असंही असतं.

मायक्रॉन_मोजतो

काकूंना +१. मी सेकंडहँड गाड्या घेतो-विकतो म्हणून रंगाची जाडी मोजायचं मीटर खिशात असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). वरून पुन्हा रंगवलेला २०० ते ३००. त्याच्या पुढे गेलं की खाली पुट्टी. मीटर नसेल तर फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून लावा, जाड पुट्टीवर पकड सैल होते. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे चुंबक लावून घाबरू नका, मागे एकांनी तसा धागा काढला होता.

मी वर्तकनगरला असतो. रविवारी सकाळी उपवन तलावापाशी येत असाल तर मोजून देतो, चहा तुमचा.

मानपाड्याची_मी

अपडेट. आधी पाणी.

पाणीटंचाईवाल्या सोसायटीत पाइप कुठला, दोन बादल्या आणि तांब्या. मी डिकीत आडवी, बाबा बाहेरून तांब्याने अभिषेक करतायत, शेजारचे दोघे "काय झालं हो?" म्हणून उभे. बंपरच्या कडेला काही नाही. टेललाइटवर तिसरा तांब्या पडला आणि आतून, दिव्याच्या खालच्या नटाच्या मागून, एक थेंब फुगला. बराच वेळ तसाच लटकला. मग सुटला आणि सांध्याच्या रेघेवरून सरळ चालत स्टेपनीच्या खड्ड्यात गेला. त्याच्या मागे दुसरा. तिथे खाली आधीचं बोटभर पाणी साचलेलं होतंच.

रबर काढून कडा बघितल्या. दोन्हीकडे खड्डे सारखे, कापलेलं नाही. पण डावीकडे रबरावर ग्रे रंगाचे बारीक ठिपके उडालेत, म्हणजे रबर न काढताच फवारा मारला ना?

रविवारी मायक्रॉनरावांकडे मोजलं (चहा दोनदा झाला). छत ११२, पुढचा दरवाजा ११८, मागचा नवा दरवाजा १६५, क्वार्टर पॅनेल २४० ते ३१०, आणि चाकाच्या वर तळहाताएवढ्या जागेत ९४०. हा आकडा बघून माझा चहा गार झाला.

तुर्भ्याचा_डेंटर

९४० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही. तळहाताएवढ्या जागेत एवढी लांबी म्हणजे पत्रा चांगला ओढलाय, डेंटरचा हात चांगला आहे. तीन-चार मिलिमीटर भरून तासलेलं असतं तर मी तुम्हाला वेगळं सांगितलं असतं. तशी जाड लांबी उन्हाने आकसते, महिन्या-दोन महिन्यांत रंगावर कडा उमटतात, आणि पाणी प्यायली तर फोड येतात. तरी पावसाळ्याचं काम आहे, दिवाळीपर्यंत त्या जागेवर लक्ष ठेवा.

काकू, १६५ वरून दरवाजा नवाच आहे. ठोकलेल्या दरवाजावर कुठेतरी हजाराचा आकडा लागला असता.

ठिपके म्हणजे हो, मास्किंग (रंग उडू नये म्हणून झाकणं) कंटाळून केलंय. दिसायला वाईट, टिकायला प्रश्न नाही. पेट्रोलच्या झाकणातली पायरी पण तीच. पॉलिशने निघेल ते काढून घ्या.

पाणी मात्र सोडू नका. दिव्यामागचं गॅसकेट (पाणी अडवणारी पट्टी) दुमडलं असणार. नुसता सिलिकॉन चोपडून देतील, तो घेऊ नका. दिवा तुमच्यासमोर काढायला सांगा.

मायक्रॉन_मोजतो

उरला शेड. मेटॅलिकमध्ये रंगाचं सूत्र बरोबर असलं तरी फवाऱ्याचा दाब आणि अंतर बदललं की चंदेरी कण वेगळे बसतात. म्हणून समोरून जुळतं, तिरकं पाहिलं की फसतं. चांगला पेंटर बेस कोट (रंगाचा थर) शेजारच्या पॅनेलवर विरत नेतो आणि त्या अख्ख्या पॅनेलवर क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारतो. इथे पुढच्या दरवाजावर विरवायला हवा होता. भांडून करून घ्या.

तुर्भ्याचा_डेंटर

मी असतो तर नसता करू दिला. पुढचा दरवाजा अजून कंपनीचा आहे, ११८ वाला. कंपनीत रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७०, कारण आत वायरिंग, प्लॅस्टिक सगळं लागलेलं असतं. तो मूळ रंग एकदा घासला की परत येत नाही. ताई, रस्त्यावर शेड कोणाला दिसतो? तुम्हालाच.

मायक्रॉन_मोजतो

विकताना मला दिसतो, काका. आणि भावात मी कापतो.

तुर्भ्याचा_डेंटर

विरवून रंगवलेला पुढचा दरवाजा २५० दाखवेल, तेव्हा पण तू कापणारच ना?

मायक्रॉन_मोजतो

कापणार.

मानपाड्याची_मी

शेवटचा अपडेट, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी.

ईमेल टाकला, फोटो आणि थेंबाच्या व्हिडिओसकट. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधूनच फोन आला, आवाज एकदम मऊ. गेल्यावर मॅनेजर आधी म्हणालाच, "मॅडम, पावसाळ्यात थोडं येतंच." मी म्हटलं दिवा काढा. काढला. गॅसकेटचा खालचा कोपरा आत दुमडून चपटा झाला होता, आणि त्याच्या खाली सांध्यावर बोटाएवढ्या लांबीत सीलरच नव्हता, उघडा पत्रा, त्यावर केशरी डाग धरायला सुरुवात झाली होती. ज्याने काम केलं तो डेंटर स्वतः आला, बघून मान खाली घातली. घासून प्राइमर, सीलर, रंग, नवं गॅसकेट. सुकायला गाडी एक दिवस ठेवून घेतली. दरवाजा बिजागरीवर उचलून स्ट्रायकर सरकवला, आता वर चार कार्डं, खाली चार. आवाज 'धप्प'च्या जवळ आलाय. कागद आतमध्ये होता, पण अर्धा सुटलेला, तो चिकटवून घेतला. रबरावरचे ठिपके पॉलिशने बहुतेक गेले.

मग सही केली. हाताने "शेडमधील फरक मान्य नाही, बाकी कामे पूर्ण" असं लिहून. मॅनेजरने दोनदा वाचलं.

पुढच्या दरवाजाला हात लावू दिला नाही. डेंटरकाकांचं ऐकलं. बाबांना सकाळच्या उन्हात अजून तो फरक दिसतो आणि ते रोज सांगतात.

स्टेपनीच्या खड्ड्यात वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय. शनिवारी रात्री विटावा पुलाखाली पाणी भरलं इतका पाऊस झाला. रविवारी पेपर काढून बघितला, कोरडा, शब्दकोडंसुद्धा सोडवता आलं असतं.

टँकर आता गेटबाहेर उभा राहून पाइप आत टाकतो. क्लीनरला काम उरलेलं नाही, तरी सवयीने ओरडतो.